प्रो फुटबॉल क्लब आणि गावचा धंदा एकत्र कसा वाढवायचा : कोल्हापूरच्या एका फॅनचं गाईड

कोल्हापूरला फुटबॉलचा नाद कुणी शिकवायची गरज नाही. सिझन चालू झाला की पेठांमधे दुसरा विषय नसतो, पाटाकडील विरुद्ध शिवाजी असू दे नाहीतर खंडोबा विरुद्ध दिलबहार, दुपारपासनंच गाड्या शाहू स्टेडियमकडं वळायला लागतात आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मालक गॅलरीत जाऊन बसलेला असतो. अनिकेत जाधव इथलाच पोरगा, २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारताकडनं खेळला आणि पुढं आयएसएलमधे (इंडियन सुपर लीग) गेला. प्लेअर आहेत, पब्लिक आहे, तालमी (पेठेपेठेतली मंडळं, या टीम त्यांच्याच) आहेत. पण या सगळ्या नादातनं गावच्या टपरीवाल्याच्या, शिंप्याच्या, प्रिंटिंगवाल्याच्या गल्ल्यात काय पडतं आणि उद्या खरंच प्रो क्लब (पगारी प्लेअरचा, वरच्या लीगमधे खेळणारा) उभा राहिला तर काय पडेल, यावर कुणी नीट बसून बोलत नाही. म्हणून हे लिहितोय. कोल्हापूर धरून लिहिलंय पण सांगली, मिरज, सोलापूर कुठंही लागू पडेल.

आधी पुण्याकडं बघा. बालेवाडीच्या स्टेडियमवर पुणे एफसी खेळली, २०१२-१३ ला आय-लीगमधे (तेव्हाची देशातली मुख्य लीग) दुसरी आली, आता सिनियर टीम नाही. भारत एफसी आली, एक सिझन खेळून गेली. डीएसके शिवाजियन्स दोन सिझन आय-लीग खेळून २०१७ ला बंद. एफसी पुणे सिटी २०१४ पासनं आयएसएल खेळत होती, २०१९ ला तिची जागा हैदराबादला गेली आणि तीच जागा २०२५ मधे हैदराबादवरनं दिल्लीला गेली. पुण्यात पैसा नव्हता असं कोण म्हणेल? पैसा होता, पण एकेका मालकाचा होता. मालकाचं गणित बिघडलं की क्लब गेला, आणि शेजारच्या हॉटेलवाल्याला, रिक्षावाल्याला विचारायला कुणी आलं नाही कारण त्यांचा त्यात कसलाच वाटा नव्हता. गोव्यात कारण वेगळं, पण क्लब गेलेच. डेम्पो म्हणजे पाच वेळा देशाची लीग जिंकलेला क्लब, आणि २०१६ ला डेम्पो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघंही आय-लीगमधनं बाहेर पडले. डेम्पो नंतर खालनं वर चढत परत आला हे त्यांचं कौतुकच, पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं सांगणं हे की क्लब कुणा एकाचा करू नका, सभासदांचा करा. आपल्याला हे परकं नाही ओ. दूध संघ, साखर कारखाना, पतसंस्था, आपल्या जिल्ह्यात घरटी एखादा तरी शेअर सर्टिफिकेट कपाटात ठेवून असतो. अमेरिकेत ग्रीन बे नावाचं जेमतेम लाखभर वस्तीचं शहर आहे, तिथली पॅकर्स टीम (हातात बॉल घेऊन पळायचा तो त्यांचा फुटबॉल) १९२३ पासनं लोकांच्या मालकीची आहे. पाच लाखांच्या वर शेअरहोल्डर, डिव्हिडंड शून्य, शेअर विकून नफा कमवता येत नाही, आणि कुणी एकानं किती शेअर घ्यायचे याला मर्यादा. त्यामुळं टीम उचलून मोठ्या शहरात न्यायची म्हटलं तर नेणार कोण? उलट टीमनंच स्टेडियमसमोरची जागा घेऊन तिथं हॉटेल, दवाखाना, बाग, मुलांना खेळायची जागा उभी केली, २०१७ ला ते सुरू झालं, म्हणजे मॅच नसेल त्या दिवशीपण माणूस तिकडं फिरकतो.

आता कागदाचं. तालमी बहुतेक ठिकाणी ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या असतात आणि ते स्थानिक लीगपुरतं ठीक आहे, पण वरच्या लीगमधे क्लब लायसन्सिंग (खेळायच्या आधी क्लबला घ्यावा लागणारा परवाना) असतं, तिथं स्वतंत्र कायदेशीर संस्था, हिशोब, युथ टीम असं सगळं बघतात. त्यासाठी कंपनी कायद्यातली सेक्शन ८ कंपनी बघा, तिच्यात नफा वाटता येत नाही, सगळा परत कामातच घालायचा, म्हणजे पॅकर्सच्या जवळ जाणारं. प्रायव्हेट लिमिटेड केली तर २०० च्या वर सभासद चालत नाहीत, मग आख्खी पेठ आत कशी घेणार? आणि एक कळकळीनं सांगतो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्यूआर कोड टाकून "शेअर घ्या" असं काही करू नका, लोकांकडनं असे शेअरचे पैसे गोळा करणं कायद्यात बसत नाही. आधी सीए आणि कंपनी सेक्रेटरीला बसवा, काय फी होईल ती द्या आणि मगच पावती पुस्तक छापा.

दुसरं काम मॅचच्या दिवशीचा रुपया मोजायचं. हे कुणीच करत नाही आणि त्यामुळं स्पॉन्सरसमोर आपण रिकाम्या हातानं जाऊन बसतो. कॉलेजची चार-पाच पोरं घ्या, मॅचच्या दिवशी आणि मॅच नसलेल्या त्याच वारी स्टेडियमच्या आसपासच्या टपऱ्या, वडापावच्या गाड्या, पानपट्ट्या, पार्किंग, पेट्रोल पंप इथं जाऊन विचारा, आज गल्ला किती आणि एरवी किती. कुठनं आला हेपण बघणाऱ्यांना विचारा. समजा ५,००० माणूस आला आणि प्रत्येकानं बाहेर ६० रुपये खर्च केले, झाले ३ लाख. ऐकायला लई भारी वाटतं, पण त्यातला माणूस जर मंगळवार पेठेतलाच असेल तर त्यानं ते ६० रुपये संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाऊन खर्च केलेच असते. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ स्टेडियमच्या बाबतीत हेच वर्षानुवर्षं सांगत आलेत, की बरेचदा नवा पैसा येत नाही, जुनाच पैसा एका खिशातनं दुसऱ्या खिशात जातो. नवा पैसा म्हणजे गडहिंग्लज, निपाणी, इचलकरंजी, सांगलीवरनं आलेल्या माणसाचा. त्यामुळं फिक्श्चर (मॅचचं वेळापत्रक) लावताना मोठी मॅच रविवारी आणि शेवटच्या एसटीला माणूस परत जाऊ शकेल अशा वेळेला ठेवा, आणि फिक्श्चर महिनाभर आधी जाहीर करा. आदल्या दिवशी तारीख बदलली की हॉटेलवाल्यानं भिजवलेली मटकी कुठं घालायची?

स्पॉन्सरशिप. आपल्याकडं एक मोठा नेता नाहीतर बिल्डर गाठायचा, त्याच्या नावाचा चषक, भल्यामोठ्या फ्लेक्सवर त्याचा फोटो, आणि पुढच्या वर्षी इलेक्शन नसलं की तो फोन उचलत नाही. त्यांना घ्या, नको म्हणत नाही, पण त्यांच्यावर उभं राहू नका. शंभर छोटी दुकानं प्रत्येकी वर्षाला ५,००० देणारी मिळवा, तेच ५ लाख होतात आणि त्यातली दहा गळाली तरी सिझन थांबत नाही. त्या दुकानाला बदल्यात काहीतरी हातात येईल असं द्या. नुसतं बोर्डावर नाव नको. तिकिटाच्या मागं कूपन छापा, मॅचचं तिकीट दाखवलं की महाद्वार रोडच्या अमुक दुकानात दहा टक्के सूट, राजारामपुरीत मिसळीबरोबर ताक फुकट, असं. कूपन दुकानात जमा होऊ दे आणि महिनाअखेरीस मोजा. दुकानदाराला दिसलं पायजे की त्याच्या ५,००० मधनं किती गिऱ्हाईक आत आलं, मग पुढच्या वर्षी त्याच्या दारात जाऊन विनवण्या कराव्या लागत नाहीत. बिल द्या, पक्कं बिल, जीएसटी लागू असेल तर तो लावून. कच्च्या चिठ्ठीवर पैसे घेतले की मोठी कंपनी कधीच जवळ येत नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतले कारखानदार सीएसआरमधनं (कंपनीनं कायद्यानं समाजकामाला द्यायचा पैसा) देतील असं सगळे बोलतात, तर त्यातली खरी गोम समजून घ्या. कायद्याच्या यादीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, ऑलिम्पिक खेळ यांच्या ट्रेनिंगचा खर्च बसतो. ट्रेनिंगचा! कंपनीनं स्वतःची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआर म्हणून धरत नाहीत. म्हणजे सिनियर टीमच्या जर्सीवर लोगो पायजे असेल तर तो त्यांच्या मार्केटिंगच्या बजेटमधनं मागा, आणि सीएसआर मागायचा तर पोरापोरींच्या अकॅडमीसाठी, कोचच्या पगारासाठी, ग्राउंडच्या मेंटेनन्ससाठी मागा. संस्थेकडं इन्कम टॅक्सची १२ए आणि ८०जी नोंदणी पायजे आणि सीएसआर घेणाऱ्या संस्थेचा सीएसआर-१ फॉर्म भरलेला पायजे. हे कागद सिझनच्या आधी तयार ठेवा, कारण कंपनीला मार्चच्या आत पैसे खर्चायचे असतात आणि फेब्रुवारीत तुमच्याकडं फाईल रेडी असेल तर तुमचा नंबर पहिला लागतो.

जर्सीचा विषय मला सगळ्यात जवळचा. आज पेठेतल्या पोराच्या अंगावर आपल्या टीमची जर्सी दिसते ती कुठंतरी बाहेर छापलेली, कुणीही कुणाचाही लोगो उचलून केलेली, क्लबला त्यातला एक रुपया मिळत नाही. तर आधी क्लबचं नाव आणि चिन्ह ट्रेडमार्क करा, कपड्यांसाठी क्लास २५, लघुउद्योग म्हणून नोंद असेल तर ऑनलाईन फी एका क्लासला ४,५०० रुपये. मग गावातल्याच दोन-तीन सब्लिमेशन प्रिंटवाल्यांना (उष्णतेनं कापडात रंग उतरवणारे) आणि शिलाईच्या युनिटला लायसन्स द्या, एका जर्सीमागं ठरलेले ३०-४० रुपये क्लबला. कापड बाहेरनं येईल, येऊ दे, पण छपाई, शिलाई, विक्री इथं राहिली पायजे. आणि शिवून आलेली जर्सी हातात घेऊन बघा, काखेतली शिवण ओढून बघा, कॉलर दोनदा धुऊन बघा, कारण ढोल वाजवत घामानं भिजलेल्या पब्लिकच्या अंगावर ती सिझनभर राहणार आहे आणि पहिल्याच मॅचला रंग सुटला तर पुढच्या वर्षी कुणी घेणार नाही. लहान मुलांचे साईझ आणि बायकांचे साईझ वेगळे काढा, नेहमी पुरुषांचाच एक्सएल पडून राहतो.

चषक आणि मेडलंपण बाहेरनं कशाला? आपल्या जिल्ह्यातली हुपरी चांदीच्या कामाला देशभर ओळखली जाते आणि आपण मॅन ऑफ द मॅचला प्लास्टिकवर सोनेरी पाणी दिलेलं काहीतरी देतो. चांदीचा छोटा बिल्ला, क्लबच्या चिन्हाचा, हुपरीच्या कारागिरानं केलेला, असा द्या की प्लेअर तो घरात जपून ठेवेल, आणि तसाच बिल्ला फॅनला विकतपण ठेवा. बूट दुरुस्तीचंही बघा. नवे स्टडचे बूट घेणं गरीब घरच्या पोराला झेपत नाही, सोल सुटला की ते चांभाराकडं जातं आणि तो जाड दोऱ्यानं कडेनं असा काय टाका घालतो की बूट परत आख्खा सिझन काढतो. ज्या गावच्या चपलेला जीआय टॅग (त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी शिक्का) आहे त्या गावच्या कारागिराला क्लबनं ग्राउंडशेजारी एक कायमची जागा दिली पायजे, भाडं न घेता.

खाण्याच्या स्टॉलला लिलाव लावू नका. लिलाव लावला की एक मोठा केटरर येतो, सगळं घेतो आणि पाण्याची बाटली दीडपट दराला विकतो. आधीपासनं तिथं गाडी लावणाऱ्यांना नंबरवार जागा द्या, एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेची) नोंदणी करून द्यायला क्लबनं मदत करा, हात धुवायचं पाणी आणि कचऱ्याचा डबा क्लबचा. महिला बचत गटांना ठराविक स्टॉल राखून ठेवा.

आता जे बोलायला नको वाटतं ते. हुल्लडबाजी. मॅच संपल्यावर दगड, बाटल्या, दोन पेठांची पोरं समोरासमोर, पोलिसांच्या केसेस, हे आपल्याकडं झालंय आणि यानं धंद्याचं जेवढं नुकसान होतं तेवढं हरण्यानं होत नाही. ज्या दिवशी राडा होतो त्या दिवशी स्टेडियमच्या रस्त्यावरचं प्रत्येक शटर धाडकन खाली येतं आणि तिथला दुकानदार पुढच्या वर्षी तुम्हाला ५,००० काय, ५०० पण देणार नाही. शिवाय आईबाप पोरीला घेऊन मॅचला येत नाहीत, म्हणजे निम्मं गिऱ्हाईक आधीच गेलं. उपाय तालमीतच आहे. पोलीस बंदोबस्त पायजेच, पण प्रत्येक तालमीच्या ज्येष्ठ प्लेअरना जॅकेट घालून स्वतःच्या पब्लिकसमोर उभं करा, पेठेतला पोरगा पोलिसाला उलट बोलेल पण ज्यांच्या हाताखाली खेळला त्या अण्णांना बोलत नाही. फॅमिली गॅलरी वेगळी, बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट, दोन्ही टीमच्या पब्लिकला बाहेर पडायला वेगळे गेट आणि मधे पंधरा मिनिटांचं अंतर.

आणि घाई नको. २०२३ ला आय-लीग ३ सुरू झाली, म्हणजे राज्यातनं वर जायची पायरी आता खालपर्यंत आलीय. पण पहिल्याच वर्षी बाहेरचे महागडे प्लेअर आणून पैसा उडवायचा हा मोह टाळा. परदेशी प्लेअर आणून गर्दी खेचायचं आपण करून बघितलंय, गर्दी होते हे खरं, पण तो पगार गावाबाहेर जातो आणि गावच्या पोराची जागा जाते. बजेटचा ठरलेला हिस्सा युथ टीमला, हे घटनेतच लिहून टाका म्हणजे नवीन कमिटी आली तरी सहजासहजी बदलता येणार नाही. तालमी बंद करून एक क्लब करा असं मी अजिबात म्हणत नाही, स्थानिक लीग तशीच राहू दे, प्रो क्लब हा सगळ्या तालमींच्या वरचा आणि प्रत्येक तालमीचा एक प्रतिनिधी त्याच्या कमिटीवर.

सुरुवात पावसाळ्यात करा. ग्राउंड बंद असतं, प्लेअर मोकळे असतात, दुकानदारांनाही दिवाळीच्या आधी थोडी उसंत असते. पहिल्या मीटिंगला तालमींचे अध्यक्ष बोलवाल तेव्हा व्यापारी संघटनेचे दोघं, एक सीए, स्टेडियमजवळचा एक टपरीवाला आणि एखादी फुटबॉल खेळणारी मुलगी यांनाही बोलवा, आणि त्या रुपया मोजलेल्या कागदाच्या झेरॉक्स आधी सगळ्यांच्या हातात द्या, भाषणं नंतर.