आधी इंजिन कोणाचं ते बघा

माझे वडील एटापल्ली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. लोकसभेची निवडणूक आली की आतल्या गावांतल्या केंद्रांवर कर्मचारी सोडायला हेलिकॉप्टर यायचं. एका एप्रिलमध्ये सकाळच्या फेरीत यंत्रांच्या पेट्यांसह सगळे बसून गेले. दुपारच्या फेरीत तेवढंच वजन होतं, तरी पायलटनं दोघांना खाली उतरवलं. वडिलांनी कारण विचारलं, तर तो एवढंच म्हणाला की सकाळी हवा थंड होती.

मी तेव्हा आठवीत होतो. त्या उत्तराचा अर्थ कळायला मला डिप्लोमाचं दुसरं वर्ष उजाडावं लागलं. हवा तापली की विरळ होते. इंजिनाला कमी हवा मिळते आणि पंख्याच्या पात्यांनाही तेवढा उचल देता येत नाही. खूप उंचीवरही हवा विरळच असते. म्हणून मे महिन्यातलं चंद्रपूर आणि बर्फातलं सियाचीन, हेलिकॉप्टरला दोन्ही ठिकाणी एकच अडचण येते. किती माणसं, किती दारूगोळा, किती उंची, सगळं शेवटी इंजिनावर येऊन थांबतं.

संरक्षण सामग्रीच्या क्षेत्रात यायचं म्हणणारी गडचिरोली-यवतमाळकडची पोरं मला फोन करतात. बहुतेकांना तोफ कोणती, क्षेपणास्त्रं किती, वेग किती हे पाठ असतं. इंजिन कोणाचं, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. खरेदी समजून घ्यायची तर मी तिथूनच सुरुवात करायला सांगतो.

आमची शेती राळेगावकडं. काका कपाशी लावतात. जमीन आपली, औत आपलं, राबणारे हात घरचे. पण संकरित बियाणं घरी राखून चालत नाही, मृगाआधी पाकीट दुकानातूनच आणावं लागतं. पाकीट आलं नाही तर नांगरलेलं रान तसंच पडून राहतं. हेलिकॉप्टरचा सांगाडा आणि इंजिन यांचं नातं मला याच उदाहरणानं समजलं.

आपलं ध्रुव हे देशी हेलिकॉप्टर घ्या. १९९२ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. १९९८ ला पोखरणच्या चाचण्या झाल्या, निर्बंध आले आणि ध्रुवसाठी पाहिलेलं अमेरिकी इंजिन अडलं. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं तर ब्रिटिश बनावटीची, पण त्यांच्या सुट्या भागांसाठी अमेरिकेची परवानगी लागायची. तीही अडकली. फ्रान्सनं मात्र निर्बंध घातले नाहीत. चेतक-चीता या जुन्या हेलिकॉप्टरांच्या काळापासून फ्रेंच इंजिनं आपल्याकडं होतीच, त्यामुळे ओढा तिकडं राहिला. ध्रुववर आधी फ्रेंच टीएम-३३३ इंजिन बसलं. डोंगराळ भागासाठी ताकद अपुरी पडू लागली तेव्हा ध्रुव बनवणारी सरकारी हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि त्याच फ्रेंच कंपनीनं मिळून ‘शक्ती’ इंजिन तयार केलं. ती कंपनी तेव्हा टर्बोमेका होती, आता साफ्रान आहे.

शक्ती बंगळुरूत बनतं, याचा मला अभिमान आहे. पण नवख्या माणसानं ‘इथं बनतं’ आणि ‘आपलं आहे’ यांतला फरक पहिल्याच दिवशी शिकावा. महालेखापरीक्षकांच्या २०१०च्या अहवालात नोंद आहे की ध्रुवमध्ये निम्मं देशीकरण अपेक्षित असताना मालाच्या किमतीपैकी सुमारे ९० टक्के माल परदेशातूनच येत होता. हा अहवाल मी तीनदा वाचला. परवान्यावर उत्पादन करताना नकाशा हातात येतो, त्यावर मापं असतात. ते माप तेवढंच का ठेवलं, हे नकाशात लिहिलेलं नसतं. ते ज्याला ठाऊक, तोच पुढचं इंजिन बनवतो आणि कोणाला विकायचं तेही तोच ठरवतो.

बाहेरच्या देशांचे दाखले वाचाल तर हे पक्कं डोक्यात बसेल. पाकिस्ताननं २०१८ मध्ये तुर्कस्तानकडून ३० टी-१२९ लढाऊ हेलिकॉप्टरं घ्यायचा करार केला. हेलिकॉप्टर तुर्की, इंजिन अमेरिकी-ब्रिटिश भागीदारीचं. अमेरिकेनं निर्यात परवाना दिला नाही आणि व्यवहार बुडाला. फिलिपिन्सनं तीच हेलिकॉप्टरं मागितली तेव्हा मात्र परवाना मिळाला. यंत्र तेच, इंजिन तेच, फक्त गिऱ्हाईक बदललं. त्यानंतर तुर्कस्तान स्वतःच्या इंजिनामागं का लागलं, ते वेगळं सांगायला नको.

चीनच्या झेड-१० या लढाऊ हेलिकॉप्टरची गोष्ट याहून बोलकी आहे. सुरुवातीला त्यावर कॅनडातलं इंजिन होतं. त्याच्या सॉफ्टवेअरच्या विनापरवाना निर्यातीवरून २०१२ मध्ये अमेरिकेत ते इंजिन बनवणाऱ्या कंपनीनं गुन्हा कबूल केला आणि मूळ उद्योगसमूहाला साडेसात कोटी डॉलरहून जास्त भरावे लागले. चीनला कमी ताकदीच्या देशी इंजिनावर भागवावं लागलं. रशियाचीही यातून सुटका झाली नाही: मी-८ घराण्यातल्या हेलिकॉप्टरांची इंजिनं युक्रेनमधल्या झापोरिझ्झियात बनायची, २०१४ च्या संघर्षानंतर ती रशियाला मिळेनाशी झाली आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये उत्पादन उभं करावं लागलं. आपण २०१५ मध्ये ज्या २०० कामोव्ह-२२६ हेलिकॉप्टरांसाठी रशियाशी समझोता केला, त्यांचंही इंजिन फ्रेंचच होतं. तो व्यवहार देशी भागांच्या प्रमाणावरून रखडला.

एक सावधगिरी मात्र ठेवा. प्रत्येक उशिरामागं राजकारण नसतं. तेजस विमानाच्या ९९ इंजिनांची मागणी २०२१ मध्ये अमेरिकी कंपनीकडं गेली आणि पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये आलं. गावाकडच्या चर्चेत लोक लगेच म्हणाले, मुद्दाम अडवलं. खरं तर ते उत्पादनच काही वर्षं बंद होतं आणि पुरवठादारांची साखळी पुन्हा जुळवावी लागली होती. दोन्ही शक्यता तपासल्याशिवाय मत देऊ नका.

परवाना कोणाचा हे आधी बघावं, ते मला पुस्तकातून नाही, चुकीतून कळलं. नागपूरजवळच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात लागलो. उष्णता सोसणाऱ्या सीलिंग रिंगा परदेशातून मागवायच्या होत्या. तीन दरपत्रकं आली, मी सगळ्यात स्वस्त धरलं. अंतिम वापरकर्त्याच्या प्रमाणपत्रात मी आमच्याच कारखान्याचं नाव लिहिलं. माल शेवटी संरक्षण खात्याकडं जाणार होता, ते लिहिलं नाही. तिकडच्या सरकारनं शंका काढली आणि माल पाच महिने अडकला. त्या काळात दोन माणसांचं काम बंद होतं. त्यांच्यासमोरून रोज जाताना मला मान वर करवत नव्हती. तेव्हापासून दराआधी मी तीन गोष्टी विचारतो: मूळ रचना कोणाची, परवाना कोणत्या देशाचा, आणि दुरुस्तीसाठी यंत्र उघडायचा हक्क कोणाला.

आता कामाचं. मार्च २०२५ मध्ये ‘प्रचंड’ नावाच्या १५६ देशी लढाऊ हेलिकॉप्टरांचा सुमारे ६२,७०० कोटींचा करार झाला. प्रत्येकात दोन शक्ती इंजिनं, म्हणजे किमान ३१२. पुढच्या १३ टनी हेलिकॉप्टरसाठी साफ्रानबरोबरच ‘अरवली’ इंजिनाचं काम सुरू आहे, आणि या वेळी रचनेतही आपली माणसं आहेत. एकाच परदेशी कंपनीवर एवढा भार असणं मला धोक्याचं वाटतं. पण तो कमी करायचा तर हातांना ते काम यायला हवं, म्हणून लिहितोय.

आयटीआय करणाऱ्यांनी मशिनिस्ट किंवा फिटर धरावं आणि अप्रेंटिसशिपसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे कोरापुट, ओझर, बंगळुरू हे कारखाने बघावेत. आपल्याकडचे आयुधनिर्माणी कारखाने, अंबाझरी, भंडारा, भद्रावती, हेही शिकायला चांगले. देखभालीत जायचं तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा बी-१.३ परवाना टर्बाइन हेलिकॉप्टरांसाठी असतो. त्याचे खासगी अभ्यासक्रम महाग आहेत. कर्ज काढण्याआधी संस्थेला मान्यता आहे का आणि प्रत्यक्ष इंजिनावर हात लावू देतात का, हे स्वतः जाऊन बघा. अभियांत्रिकीवाल्यांना गेट ही परीक्षा आहेच.

पण माझं ऐकाल तर धातुशास्त्राकडं वळा. त्याला गर्दी कमी आणि गरज सगळ्यात मोठी. टर्बाइनचं पातं निकेलच्या मिश्रधातूचं असतं, आणि सगळ्यात गरम भागात ते अख्खं एकाच स्फटिकाचं घडवावं लागतं. जगात मोजक्याच देशांना ते जमतं. हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेनं हेलिकॉप्टर इंजिनासाठी अशी ६० पाती बनवून २०२१ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिली. ती बातमी वाचली तेव्हा मी वडिलांना फोन लावला होता.

इंग्रजीची भीती बाळगू नका. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल, लोकसभेतली लेखी उत्तरं, लेखापरीक्षकांचे अहवाल, सगळं फुकट मिळतं. सुरुवातीला मी दिवसाला दोन पानं शब्दकोश घेऊन वाचायचो. चार महिन्यांत शब्दकोश बाजूला पडला.

अहेरीकडची एक पोरगी मशिनिस्ट करून सध्या अप्रेंटिस आहे. मागच्या आठवड्यात रात्री तिचा फोन आला. ‘दादा, पात्याच्या टोकापाशी फट इतकी कमी काऊन ठेवली हो? आमच्या सायबाले विचारलं, तर ते म्हणतात नकाशात तसं आहे.’ मी कागद-पेन घेतलं आणि तिलाही घ्यायला लावलं. पातं तापलं की लांबतं, वेगानं फिरताना आणखी ताणलं जातं. फट जास्त ठेवली तर गरम वायू काम न करता टोकावरून निसटतो, कमी ठेवली तर पातं आवरणाला घासतं. मग किती अंशाला किती लांबेल, याचा हिशोब आम्ही दोघं पावणेबारापर्यंत मांडत बसलो.