लिशमानियावर विद्युत-स्पंद आणि नॅनोकण: प्रयोगाची मांडणी कशी करावी

काळा आजार घडवणाऱ्या लिशमानिया या एकपेशीय परजीवीला मारण्यासाठी विजेचे स्पंद (क्षणभराचे झटके) आणि नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) एकत्र वापरून पाहायचे असतील, तर आधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घ्यावी आणि सुरुवात पालीपासून मिळालेल्या, माणसाला रोग न करणाऱ्या लिशमानिया टॅरेंटोली या प्रजातीवर करावी. या परजीवीचे प्रोमॅस्टिगोट (शेपटीसारख्या कशाभिकेने पोहणारे) रूप साधारण २६ अंश सेल्सिअसला वाढवतात. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा पस्तिशीपुढे जात असल्याने थंडही करू शकणारा बी.ओ.डी. इन्क्युबेटरच (ठरावीक तापमान राखणारी पेटी) लागतो.

तीव्र विद्युत क्षेत्राने पेशीपटलाला क्षणिक छिद्रे पडतात आणि एरवी बाहेर राहणारे पदार्थ आत शिरू शकतात, हा या पद्धतीचा आधार आहे. इलेक्ट्रोडमध्ये ४ मिलिमीटर अंतर असलेल्या क्युव्हेटला (पेशी ठेवण्याच्या छोट्या पात्राला) ४०० व्होल्ट दिल्यास क्षेत्र सेंटिमीटरला १००० व्होल्ट होते. मात्र पेशी लहान असेल तर अधिक क्षेत्र लागते, म्हणून सस्तन पेशींसाठीचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

वाढीच्या माध्यमात स्पंद देऊ नये. त्यातील क्षारांमुळे द्रावण तापते, कधी ठिणगीही उडते. परजीवी धुऊन कमी क्षारांच्या, सुक्रोजयुक्त (साखरेच्या) बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, घ्यावेत. सोन्याचे कण वापरत असल्यास त्याच बफरमध्ये थोडे मिसळून नळी पांढऱ्या कागदासमोर धरावी: लाल रंग जांभळट-निळा झाला, तर कणांच्या गुठळ्या झाल्या आहेत आणि पुढचे काम व्यर्थ आहे.

गट किमान पाच हवेत: काहीही न दिलेला, फक्त स्पंद, फक्त कण, कणांसह स्पंद, आणि स्पंदानंतर काही वेळाने कण. अनेकजण शेवटचा गट गाळतात, पण छिद्रे उघडी असण्याचा फायदा झाला का, हे तोच सांगतो. केवळ स्पंदांनी ८० टक्के आणि केवळ कणांनी ७० टक्के परजीवी जगले, तर दोन्ही परिणाम स्वतंत्र असताना ५६ टक्के जगणे अपेक्षित आहे. एकत्रित गटात त्याहून स्पष्टपणे कमी जगले, तरच परस्परपूरक परिणामाचा दावा करावा. स्पंदापूर्वीचे व नंतरचे तापमानही नोंदवावे, अन्यथा उष्णतेने मेलेले परजीवी कणांच्या खाती जमा होतात.

नॅनोकण एम.टी.टी. चाचणीच्या (जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या) रंगात ढवळाढवळ करू शकतात, त्यामुळे न्यूबावर चेंबरमध्ये (पेशी मोजण्याच्या चौकटी आखलेल्या काचपट्टीवर) सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी अवश्य करावी आणि २४ व ४८ तासांनी पुन्हा वाढ होते का, हे पाहावे.

रोग करणाऱ्या प्रजातींचा परजीवी माणसाच्या शरीरात मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींच्या आत राहतो, म्हणून तीच मात्रा मॅक्रोफेजवरही तपासावी. काळा आजारात तो प्लीहा, यकृत व अस्थिमज्जेत असतो, तिथे इलेक्ट्रोड पोहोचवणे कठीण. बिकानेरसारख्या भागात आढळणाऱ्या त्वचेच्या लिशमानियासिसमध्ये व्रण उघड्यावरच असतो, म्हणून पुढचा अभ्यास त्या दिशेने आखणे मला अधिक योग्य वाटते.