पक पडण्याआधी: आइस हॉकीच्या केबल चॅनलची तयारी

आइस हॉकीचं चॅनल म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आधी मॅच येते. तयारीची यादी करायला बसाल तेव्हा मात्र मॅच शेवटी लिहा. उत्तर अमेरिकेत एनएचएलच्या, म्हणजे नॅशनल हॉकी लीगच्या, बहुतेक मॅचेस आधीच कुणी ना कुणी विकत घेतलेल्या असतात. त्यामुळे चोवीस तास फक्त हॉकी दाखवणारं चॅनल तगतं ते मॅच नसलेल्या तासांवर. टोरांटोत स्पोर्ट्स टीव्हीच्या कंट्रोल रूममध्ये मी बरीच वर्षं काढली आहेत, आणि तयारी कमी पडते ती याच तासांची, हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

सगळ्यात आधी कागद. कॅनडात परवाना सीआरटीसी ही प्रसारणावर देखरेख करणारी सरकारी संस्था देते, पण परवाना हातात आला म्हणजे चॅनल घराघरांत पोचलं असं नाही. एनएचएल नेटवर्क हे लीगच्या नावाचं हॉकी चॅनल इथे ऑक्टोबर २००१ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचा परवाना दुसऱ्या श्रेणीचा होता. या श्रेणीतलं चॅनल घेण्याचं बंधन केबल कंपन्यांवर नव्हतं. प्रत्येकीशी वेगळी बोलणी करावी लागत. म्हणून परवान्याच्या फायलीशेजारी दुसरी फाइल हवी: कोणती केबल कंपनी, कोणत्या पॅकेजमध्ये, कितव्या नंबरवर. हा नंबर किरकोळ वाटतो, पण तिथेच घात होतो. २००५ मध्ये ईएसपीएन या मोठ्या क्रीडा चॅनलने हॉकी सोडली आणि अमेरिकेतले हक्क ओएलएन या शिकार, मासेमारी, सायकलिंग दाखवणाऱ्या चॅनलकडे गेले. खेळ तोच, खेळाडू तेच, पण टीव्हीवर तो सापडतो कुठे हेच पुष्कळांना कळेना. त्याचंच पुढे व्हर्सस झालं. २००९ च्या सप्टेंबरपासून सहाएक महिने व्हर्सस डायरेक्टीव्ही या उपग्रह टीव्ही कंपनीवर दिसतच नव्हतं, कारण पैशांवरून दोघांचं जमलं नाही. करार किती वर्षांचा, संपतो कधी आणि नेमका कोणत्या महिन्यात संपतो, हे लाल शाईने लिहून ठेवा. हंगामाच्या तोंडावर संपणारा करार केबलवाल्याच्या पथ्यावर पडतो, तुमच्या नाही.

हक्कांच्या कागदात एक ओळ फार बारकाईने वाचायची. अमेरिकेत प्रत्येक संघाच्या बऱ्याच मॅचेस त्याच्या भागातल्या चॅनलकडे असतात. तुम्ही ती मॅच देशभर दाखवलीत तरी त्या भागात ती झाकावी लागते. म्हणजे बोस्टनची मॅच चालू असताना बोस्टनमधल्या प्रेक्षकाला दुसरं काहीतरी द्यायचं, आणि ते ‘काहीतरी’ तीन तासांचं, आधीपासून तयार असलेलं हवं. काळी पाटी दाखवून तो माणूस घालवू नका. तुमच्या खेळावर सगळ्यात जास्त जीव त्याचाच आहे. कॅनडातल्या एनएचएल नेटवर्कचा शेवटही हक्कांवरूनच झाला. ते बेल या माध्यम गटाच्या घरातलं होतं आणि २०१३ मध्ये बेलच्या प्रतिस्पर्धी रॉजर्सने बारा वर्षांचे राष्ट्रीय हक्क ५.२ अब्ज कॅनेडियन डॉलरना घेतले. सप्टेंबर २०१५ मध्ये चॅनल बंद झालं. ज्याच्या हाती मॅचेस आणि ज्याच्या हाती चॅनल ते दोघं वेगळे असतील, तर तयारीत ही जोखीम पहिल्या पानावर असली पाहिजे.

मग कॅलेंडर, आणि ते जुलैपासून भरायला घ्या. ऑक्टोबर ते जून आपोआप भरतो: साखळी सामने, स्टॅनली कप या लीगच्या करंडकासाठीची बाद फेरी, जूनअखेरीस ड्राफ्ट, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंची संघांकडून निवड, १ जुलैला करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचे नवे करार. त्यानंतर ऑगस्ट येतो आणि घशाला कोरड पडते. डिसेंबरात नाताळच्या दिवसांत एनएचएल थोडी विसावते, पण २६ डिसेंबरला तरुणांची जागतिक स्पर्धा सुरू होते. अमेरिकेतल्या एनएचएल नेटवर्कने ती आपली केली हे शहाणपणाचं होतं. एक चौकट मुद्दाम रिकामी ठेवा: मॅचेस झाल्याच नाहीत तर? हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात बुडाला, तेव्हा कॅनडातलं चॅनल जेमतेम तीन वर्षांचं होतं. १२ मार्च २०२० ला खेळ थांबला तो १ ऑगस्टलाच पुन्हा सुरू झाला.

या सगळ्यावर औषध एकच, जुन्या मॅचेसचा साठा. माझा जीव याच कामात जास्त अडकतो, म्हणून जरा लांबवतो. टेप असणं पुरेसं नाही, ती सापडली पाहिजे. एका छोट्या चॅनलसाठी काम करताना मला एक खोका मिळाला होता. त्यातल्या प्रत्येक टेपवर फक्त संघांची नावं आणि ‘गेम ३’, साल कुठेच नाही. रात्रभर आम्ही दोघं टेप लावून खेळाडूंची डोकी मोजत बसलो. १९७९ पासून लीगमध्ये नव्याने येणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं झालं, जुन्यांना सूट होती, आणि शेवटचा उघड्या डोक्याचा खेळाडू क्रेग मॅकटॅविश १९९७ मध्ये निवृत्त झाला. तेव्हा बर्फावर बोडकी डोकी किती, यावरून साल चार-पाच वर्षांच्या अंतराने लागतं. पहाटे चारला एका टेपमध्ये निम्मा संघ बिनहेल्मेटचा दिसला, तेव्हा आम्ही दोघं खुर्चीतून उठून उभे राहिलो. पण असल्या शोधावर चॅनल चालत नाही. पहिल्या दिवसापासून प्रत्येक मॅचला एक माणूस फक्त नोंदीसाठी बसवा: गोल, मोठा बचाव, दंड, मारामारी, प्रशिक्षकाचा चेहरा, प्रत्येकाची वेळ. पुढच्या जुलैत हीच वही तुम्हाला पोसणार आहे. त्या जुन्या चित्रांचे हक्क कोणाचे, त्यातलं संगीत वापरता येतं का, हेही आत्ताच विचारून घ्या.

स्टुडिओ स्वतःचाच हवा असा हट्ट नको. अमेरिकेतलं एनएचएल नेटवर्क आधी टोरांटोतून चालायचं. २०१५ मध्ये ते न्यू जर्सीतल्या सिकॉकसला, बेसबॉलच्या चॅनलच्या घरी गेलं. बेसबॉलची गर्दी उन्हाळ्यात, हॉकीची हिवाळ्यात; दिवे आणि माणसं रिकामी बसत नाहीत. ऑक्टोबर आणि एप्रिल-मेमध्ये मात्र दोन्ही खेळ एकमेकांच्या अंगावर येतात. त्या आठवड्यांची वाटणी आधी लेखी करा.

आता रिंक. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची काळी रबरी चकती. ती फार उसळू नये म्हणून मॅचआधी गोठवून ठेवतात. टीव्हीवर ती दिसत नाही ही तक्रार जुनी आहे. १९९६ मध्ये फॉक्सने तिच्याभोवती निळं वलय आणि जोरदार फटक्यामागे लाल शेपूट दाखवून पाहिलं. १९९८ नंतर ते बंद झालं. माझं मत विचाराल तर जाणकार कॅमेरामन आणि रुंद पडदा यांनी जे साधलं ते वलयाने साधलं नाही. पांढऱ्या बर्फाने कॅमेरा फसतो आणि चेहरे काळवंडतात, म्हणून उजेडाचं माप कॅमेऱ्यावर सोडू नका, माणसाच्या हातात ठेवा. मुख्य कॅमेऱ्याच्या बाजूच्या कठड्याशी पक गेला की तो दिसेनासा होतो, त्या कोपऱ्यासाठी समोरून दुसरा कॅमेरा हवा. बाहेर उणे वीस असताना गाडीतून आणलेली लेन्स आत आली की घाम सुटल्यासारखी धुरकटते. सामान दोन तास आधी आत आणा.

जाहिरातवाल्याला नियम समजावून सांगा. मॅचच्या तीन सत्रांपैकी प्रत्येकात जाहिरातीसाठी तीन विश्रांती मिळतात, पण गोल झाल्यावर, आइसिंगनंतर (आपल्या अर्ध्यातून पक थेट पलीकडच्या टोकाला मारल्याने खेळ थांबतो तेव्हा) किंवा पॉवर प्ले (दंडामुळे एका संघाचा खेळाडू कमी असणं) चालू असताना ती घेता येत नाही. म्हणजे घड्याळ लावून जाहिरात सोडता येत नाही, बोट बटणावर ठेवून थांबावं लागतं. दोन मध्यंतरं प्रत्येकी अठरा मिनिटांची. तुमच्या निवेदकाची खरी परीक्षा तिथे.

नावांची यादी खेळाडूंकडूनच पडताळून घ्या. फिनिश, चेक, स्लोव्हाक, रशियन आडनावं वाटेल तशी तोडली जातात. आपल्या आडनावांचं इथे काय होतं ते ठाऊक असल्याने मी याबाबत फार काटेकोर आहे. जमत असेल तर दुसऱ्या भाषेचीही सोय ठेवा. ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ या टीव्हीवरच्या हॉकी कार्यक्रमाचं पंजाबी समालोचन २००८ मध्ये सुरू झालं आणि त्यामुळे कितीतरी घरांत आजी-आजोबा नातवंडांबरोबर मॅचला बसू लागले.

शेवटची नोंद बाद फेरीची. तिथे बरोबरी सुटेपर्यंत खेळ चालतो. ११ ऑगस्ट २०२० ला टोरांटोत टँपा आणि कोलंबसची मॅच पाच जादा सत्रांपर्यंत गेली. त्याच रिंकवर त्या रात्री व्हायची बोस्टन आणि कॅरोलायनाची मॅच दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ढकलावी लागली. अशा रात्रीसाठी पुढचा कार्यक्रम सरकवण्याचा आराखडा, दुसरा समालोचक, दुसरा नोंदणारा, आणि मध्यरात्रीनंतर कंट्रोल रूममध्ये सगळ्यांना पुरेल एवढं गरम जेवण.