दुसरा आर्म की दुसरं टर्नटेबल? आधी या चुका टाळा

कोकणातल्या जुन्या घरात माळ्यावरची ट्रंक उघडली की हमखास दोन प्रकारचा माल निघतो: आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) नाट्यसंगीताच्या तबकड्या आणि वडिलांचे एलपी. मग विचारणा सुरू होते, एकाच टर्नटेबलवर दोन आर्म (सुई धरणारे दांडे) बसवू की दोन टर्नटेबलं घेऊ? प्रश्न रास्त आहे. फक्त विचारणाऱ्याचा पहिलाच आर्म बहुतेक वेळा धड लागलेला नसतो.

एकाच सुईवर सगळं वाजवणं

एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन, ७८ च्या सुईची ६५ ते ७५. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत टाकली की ती थेट तळाला जाते, आणि तिथे वर्षानुवर्षांची घाण साचलेली असते. गाणं राहतं बाजूला, नुसती खरखर. वर मंडळी जाहीर करतात, 'रेकॉर्डच गेली.' ७८ च्या लाखेच्या तबकडीत दगडाची पूड मिसळलेली असते, त्यामुळे सुईही झिजते ती वेगळीच. उलटं केलंत, म्हणजे ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवलीत, तर एलपीला रामराम.

पण एवढ्यासाठी दुसरा आर्म लागत नाही. हेडशेल (आर्मच्या टोकाचा, सुईचं कार्ट्रिज धरणारा भाग) सुटं होणारा एक आर्म आणि दोन हेडशेलं, झालं काम. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत तर नुसती सुई उपसून दुसरी बसवता येते. मात्र सुईवरचं वजन बदला: त्यातल्या एलिप्टिकल सुईला २ ग्रॅम, ७८ च्या सुईला ५. पाच ग्रॅमवर एलपी वाजवणारे महाभाग मी पाहिलेत. मी हेडशेलच्या डबीवर वजन मार्करने लिहून ठेवतो आणि डिजिटल काट्यावर बघितल्याशिवाय सुई टेकवत नाही. 'काउंटरवेटवर (आर्मच्या मागच्या वजनावर) आकडे आहेत की' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

आर्मसाठी अंदाजपंचे भोक पाडणं

माझा खरा राग या चुकीवर आहे. गुहागरकडच्या एका बागायतदारांचा फोन आला, 'अहो, प्रत्येक रेकॉर्डचं शेवटचं गाणं चिरकतं.' दोन कार्ट्रिजं बदलून झाली होती, तिसऱ्याची ऑर्डर द्यायच्या बेतात होते. जाऊन बघतो तर टेबलाला फणसाच्या लाकडाची देखणी नवी प्लिंथ (बैठकीची फळी), आणि तिच्यावर दुसरा, १२ इंची आर्म. सुतार गावातलाच आणि कसबी, त्याची काही चूक नव्हती. भोकाचं माप यांनी दिलं होतं, तेही इंटरनेटवरचा फोटो बघून!

स्टीलची पट्टी लावून मधल्या खिळीपासून आर्मच्या पिव्होटपर्यंत (आर्म जिथे फिरतो त्या बिंदूपर्यंत) मोजलं. आर्मसोबतच्या कागदावरच्या मापापेक्षा ४ मिलिमीटर कमी. कार्ट्रिज हेडशेलच्या खाचेत मागे सरकवत सरकवत टोकाला टेकलं होतं, तरी सुई पुढेच पडत होती. ही मापं किती काटेकोर असतात बघा: टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलवर खिळी ते पिव्होट २१५ मिलिमीटर, पिव्होट ते सुई २३०, म्हणजे सुई खिळीच्या पुढे १५. यात एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी आतल्या खाचांत 'स' फुटायला लागतो. त्यांना फळी नवीन करावी लागली.

मी आधी जाड पुठ्ठ्याचा साचा करतो, खिळीत अडकवून दोनदा मोजतो, आणि मगच ड्रिल हातात घेतो. प्रोट्रॅक्टर (सुई जुळवायचा मापाचा कागद) घरी छापला असेल तर आधी त्यावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीशी ताडून बघा. प्रिंटर कागदात बसवण्यासाठी चित्र लहान करतो. 'रविवारी आणलं, रविवारीच वाजलं पाहिजे' अशी घाई असेल तर दोन आर्मच्या वाटेला जाऊच नका.

आणखी एक. दोन आर्मच्या प्लिंथवर बहुतेक वेळा झाकण बसत नाही. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस धरा: हेडशेलच्या पिना हिरव्या पडतात, एक चॅनल गायब होतो. जितके आर्म, तितकी पुसापुशी.

वेग न बघता आर्म घेणं

७८ साठी दुसरा आर्म घेतला, पण टेबलाला ७८ चा वेगच नाही! एसएल-१२०० च्या एमके२ मॉडेलला तो नाही, एमके७ ला आहे. ट्रंकेतल्या तबकड्यांसाठीच हा खटाटोप असेल तर ७८ चा वेग असलेलं दुसरं टेबल घ्या. दोन आर्म शोभतात ते दोन स्वभावांची कार्ट्रिजं वापरणाऱ्याला. डेनॉन डीएल-१०३ ची सुई ताठ, तिच्यावर वजन २.५ ग्रॅम, त्याला जड आर्म हवा. ऑर्टोफोन २एम रेडची मऊ, तिच्यावर १.८ ग्रॅम, त्याला मध्यम वजनाचा पुरतो.

बाकीच्या चुका

अमेरिकेहून आणलेलं जुनं एसी मोटरचं टेबल ६० हर्ट्झचं असतं. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर एलपीला लागणाऱ्या मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी २७.८ फिरतं. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलतं, हर्ट्झ नाही.

७८ च्या तबकडीला अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.

माळ्याच्या लाकडी जमिनीवर टेबल ठेवलंत तर पावलागणिक सुई उडेल. चिऱ्याच्या भिंतीत फळी ठोका.

दोन टेबलं आणि अ‍ॅम्पला फोनो (टर्नटेबल जोडायचं) इनपुट एकच असेल तर सरळ स्विचबॉक्स घ्या, आणि दोन्हींच्या अर्थिंगच्या तारा जोडा, नाहीतर हम (सततची गुणगुण) येतो. स्विचबॉक्स येईपर्यंत केबल बदलायची वेळ आलीच तर अ‍ॅम्प बंद करून बदला. चालू अ‍ॅम्पमधून केबल उपटली की पहिला दणका वूफरला बसतो.