सिंहाला सोंड कुठून आली? धातूच्या मूर्तींचं मूल्यांकन शिकताना

माझं पहिलं स्वतंत्र काम फोंड्याजवळच्या एका जुन्या घरात होतं, तेही इन्व्हेंटरीचं. गोव्यात वारसांची वाटणी याच मार्गाने होते. घरातल्या जंगम वस्तूंची यादी होते, किमती लागतात आणि एकाच वस्तूवर दोघांनी हक्क सांगितला तर वारसांमध्येच बोली लागते. आपण लिहिलेला आकडा थेट भावाभावांत जाऊन बसतो, हे नव्याने या कामात येणाऱ्याने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं.

त्या घरच्या काकींनी फडक्यात गुंडाळलेला धातूचा वीतभर सिंह पुढे ठेवला. "कदंबांच्या वेळचा आहे. सासरे सांगायचे." गोव्यावर राज्य केलेल्या कदंबांचं राजचिन्ह सिंह, तो आपण गोव्याच्या सरकारी कदंब बसवर रोज बघतो. मी मान डोलावली, उंची-वजन लिहून घेतलं, फोटो काढले आणि मसुद्यात 'बारावं-तेरावं शतक' असं लिहूनही टाकलं.

ज्यांच्याकडे मी हे काम शिकत होतो त्या सरांनी फोटो बघितला आणि एवढंच विचारलं, "सिंहाला सोंड कुठून आली?"

मी ज्याला जीभ समजलो होतो ती खाली येऊन आत वळलेली सोंड होती. दोन्ही बाजूंना छोटे सुळेही होते. अंग सिंहाचं, तोंड हत्तीचं, म्हणजे हा गजव्याळ. दक्षिणेकडच्या देवळांत खांबांवर असे व्याळ भरपूर दिसतात. प्राणी कोण हे ठरल्याशिवाय काळ आणि प्रांत ठरवायला जाऊ नये. गरुड, मकर, शरभ, गंडभेरुंड यांचे अवयव एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून चोच, कान, नखं, शेपूट एकेक करून वहीत चितारावं. फोटोत जे निसटतं ते चितारताना हाताला सापडतं.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः आले. "बाबा, आधी पालथी घाल." पायाखाली चौकोनी भोक होतं, त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, आत लाकडाची कुसं अडकलेली. म्हणजे ही बैठकीत ठेवायची मूर्ती नव्हतीच. ती कशावर तरी बसवलेली होती, बहुधा पालखीच्या दांड्यावर. पालखी घरची की देवळाची, हा प्रश्न किमतीच्याही आधी येतो. देवळाची वस्तू असेल तर ती वाटणीत येतच नाही. सुदैवाने घरच्या जुन्या यादीत पालखीचा उल्लेख सापडला.

आता धातूकडे वळू. तांबं आणि कथील म्हणजे कांसं, तांबं आणि जस्त म्हणजे पितळ. लोक सर्रास 'ब्राँझ' म्हणतात त्यातलं बरंच पितळ निघतं. वजनाला मूर्तीने सारलेल्या पाण्याच्या आकारमानाने भागलं की घनता मिळते. आमच्या व्याळाचं वजन १,३८० ग्रॅम, सारलेलं पाणी १६५ मिली, म्हणजे घनता ८.४ च्या आसपास. जस्ताची ७.१ असते, रेझिनची त्याहून कितीतरी कमी, त्यामुळे ते दोन्ही बाद झाले. पण पितळ की कांसं हे एवढ्यावरून खात्रीने सांगता येत नाही. त्याला एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतली मूलद्रव्यं ओळखणारी तपासणी लागते. मूर्ती पोकळ असेल, आत ओतकामाची माती असेल किंवा हिरवी भुकटी दिसत असेल तर ती पाण्यात घालूच नये.

मेणाचा नमुना करून ओतलेल्या मूर्तीचा साचा फोडावाच लागतो, म्हणून तशा दोन मूर्ती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. बाजूने सरळ शिवण दिसली तर दोन भागांच्या साच्याचा संशय घ्यावा. रापलेला रंग खोबणीत गडद आणि हात लागतो तिथे फिकट असायला हवा. सगळीकडे सारखाच हिरवा दिसला तर आम्लाची किंवा रंगाची करामत असू शकते.

आमच्या व्याळाची पाठ झळाळत होती आणि खोबणी काळीकुट्ट होत्या. कारण काकींनीच सांगितलं. दर दिवाळीला भिंडांची सोलं, म्हणजे आमसुलं, लावून घासायची घरची पद्धत. देवघरातल्या समईला ते ठीक, पण इथे रापलेला थर गेला तो कायमचा, आणि त्याबरोबर किमतीचा मोठा वाटाही. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत फिकट हिरवी भुकटी पुसल्यावरही परत येत असेल तर तो कांस्यरोग समजावा. तो क्षारांमुळे होतो आणि आत पोखरत जातो. अशी वस्तू कोरड्या डब्यात वेगळी ठेवून संवर्धकाकडे द्यावी.

कायदाही माहीत हवा. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते. धातूच्या मूर्तीची नोंदणी करावी लागते आणि ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशी लिलावातले भाव आपल्या अहवालात जसेच्या तसे उतरवू नयेत. दुकानातल्या चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे दुकानदाराची मागणी, ती झालेली विक्री नव्हे. विम्यासाठीची किंमत आणि वाटणीसाठीची किंमत वेगळी असते. आकडा कशासाठी हवाय, ते अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहावं.

हात तयार करायला पणजीच्या राज्य संग्रहालयात जावं, आणि म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळातला पितळी दीपस्तंभ बघावा. तो कासवाच्या पाठीवर उभा आहे. वर बघण्याआधी ते कासव नीट बघा.

नव्या अहवालात मी 'गजव्याळ, पालखीचा भाग असण्याची शक्यता, एकोणिसाव्या शतकाची अखेर किंवा त्यानंतर' असं लिहिलं आणि नोंदणी अधिकाऱ्याचं मत घ्यायची शिफारस केली. काकी थोडा वेळ गप्प बसल्या. "म्हणजे कदंबांचा नव्हे?" मी नाही म्हटलं आणि ते भोक दाखवलं. त्यांनी त्यात बोट घालून बघितलं. "मामंजींच्या लग्नात पालखी होती म्हणे," त्या म्हणाल्या. मी तेवढं वाक्य तारखेसह अहवालात जोडलं.