शेअर्ड होस्टिंगवर ७७७ न देता परवानग्या कशा लावाव्यात

वर्डप्रेसमध्ये, म्हणजे साइट बनवण्याच्या प्रणालीत, फोटो चढत नाही, पडद्यावर लिहिण्याची परवानगी नसल्याचा संदेश येतो, आणि कोणीतरी सुचवते की फोल्डरला ७७७ द्या. फोटो लगेच चढू लागतो, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तिथे, मात्र तो पाळू नये.

परवानगीचे तीन अंक अनुक्रमे फाईलचा मालक, त्याचा गट आणि बाकीचे सर्व यांच्यासाठी असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ अशी बेरीज करून प्रत्येक अंक ठरतो. म्हणजे ६४४ मध्ये मालकाला वाचता-लिहिता येते आणि इतरांना केवळ वाचता येते, तर ७७७ मध्ये सर्वांनाच सर्व काही करता येते. शेअर्ड सर्व्हरवर या शेवटच्या अंकात तुमच्या शेजारची अनोळखी खातीही मोडतात. होस्टने खाती एकमेकांपासून नीट विलग केलेली नसतील, तर त्यांच्यापैकी एखाद्या साइटमध्ये शिरलेला घुसखोर तुमच्या ७७७ फोल्डरातही आपली फाईल ठेवू शकतो.

एरवी फोल्डरला ७५५ आणि फाईलला ६४४ पुरते. फाईलझिलामध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या फाईली हाताळण्याच्या प्रोग्रॅममध्ये, फोल्डरवर राइट-क्लिक करून परवानग्यांची खिडकी उघडावी, ७५५ लिहावे, उपफोल्डरांनाही लागू करण्याच्या चौकटीत खूण करून त्याखालचा फक्त फोल्डरांचा पर्याय निवडावा. ते संपल्यावर हीच कृती ६४४ लिहून आणि फक्त फाईलींचा पर्याय निवडून करावी. घाईत सरसकट ६४४ दिले, तर फोल्डरांचा चालवण्याचा हक्क, म्हणजे प्रत्यक्षात आत शिरण्याचा हक्क, निघून जातो आणि साइट ४०३, म्हणजे प्रवेश नाकारल्याची चूक, दाखवू लागते. साइटच्या सर्वांत वरच्या फोल्डरला होस्टनेच ७५० दिलेले असेल, तर ते तसेच ठेवून आतल्या फोल्डरांपासून सुरुवात करावी.

वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाईलचा (wp-config.php) विचार वेगळा करावा लागतो, कारण डेटाबेसचा पासवर्ड तिच्यात उघड्या अक्षरांत असतो. तिला ६०० देऊन साइट उघडून पाहावी. उघडली नाही, तर ६४० करून पुन्हा पाहावे.

७५५ असूनही फोटो चढत नसेल, तर दोष बहुधा अंकांत नसून मालकीत असतो: फाईल एका नावावर आणि पीएचपी (ज्या भाषेत वर्डप्रेस लिहिलेले आहे ती) चालते दुसऱ्याच नावाने. शेअर्ड खात्यातून मालकी बदलता येत नाही, त्यामुळे होस्टच्या सपोर्टला नेमके हेच विचारावे की पीएचपी माझ्या खात्याच्या नावाने चालते का, आणि या फोल्डरचा मालक कोण आहे. 'साइट चालत नाही' एवढेच कळवले, तर उत्तरही तितकेच मोघम येते.

एका खात्यात दोन-तीन साइट असल्यास प्रत्येकीसाठी डेटाबेसचा स्वतंत्र वापरकर्ता करावा. डेव्हलपरला सीपॅनेलचा (होस्टिंग खाते सांभाळण्याच्या पॅनेलचा) मुख्य पासवर्ड न देता, त्याच्या कामाच्या फोल्डरापुरते एफटीपी खाते (फाईली चढवण्या-उतरवण्याचे खाते) उघडून द्यावे आणि काम संपले त्याच दिवशी ते काढून टाकावे.