आकाशात तिफण: चित्रातलं प्रतीक कसं घडवायचं

माझ्या एका कॅनव्हासवर काळ्या अंतराळात तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, चालली आहे. बैल नाहीत, माणूस नाही. चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाडग्यावर, फक्त एक हात आहे आणि मुठीतून ज्वारीऐवजी चांदण्या सुटताहेत. 'हे सुचतं कसं?' असं विद्यार्थी विचारतात, म्हणून जसं केलं तसं सांगते.

आधी उसनी प्रतीकं बाजूला ठेवा. वितळणारी घड्याळं साल्वादोर दालीने 1931 मध्ये रंगवली, ती त्याची. आपल्या हातांना ओळखीची असेल अशी वस्तू घ्या. चाड्यावर मूठ धरणारी आई मी लहानपणापासून पाहिली आहे.

मग त्या वस्तूचं आकाशाशी खरं नातं शोधा. नुसतं छान दिसतं म्हणून चालत नाही. साधारण 7-8 जूनला सूर्य मृग नक्षत्रात येतो आणि पेरणीची लगबग सुरू होते. मृगाच्या पोटात एका ओळीत तीन तारे आहेत, त्यांना बाण म्हणतात. तिफणीलाही फण, म्हणजे जमिनीत रुतणारे दाते, तीनच! हे जुळलं आणि चित्र उभं राहिलं. गंमत अशी, की पेरणीच्या दिवसांत मृग रात्री दिसतच नाही, कारण सूर्यच त्याच्यापाशी असतो. चित्रात मात्र तो दाखवता येतो.

रंगांनाही अर्थ द्या. मृगातला काक्षी तारा तांबूस, राजन्य तारा निळसर. चुलीच्या सवयीने आपण लाल म्हणजे तापलेलं समजतो, पण ताऱ्यांमध्ये निळा जास्त तप्त. म्हणून आईचा हात मी निळसर रंगवला. बघणाऱ्याला तो आधी गार वाटतो. वाटू दे.

ट्यूबमधला काळा सपाट दिसतो. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर कालवून पातळ थर द्या. निळा वाढवला की आकाश, अंबर वाढवला की काळी जमीन. वरून खाली हे प्रमाण मी हळूहळू बदलत नेलं, त्यामुळे शेत कुठून सुरू झालं ते सापडत नाही.

आणि वस्तू विचित्र करू नका, तिची जागा विचित्र करा. चाडं, नळ्या, दोरीची गाठ, सगळं हुबेहूब हवं. चित्र आईला दाखवलं. आकाशाबद्दल ती काहीच बोलली नाही. मुठीवर बोट ठेवून म्हणाली, "अगं, मूठ सैल सुटलीये. दाट पडेल."

बोटं आवळून घेतली, निम्म्या चांदण्या पुसल्या.